दुसरा घाणा

“क्षमा, ओव्हन लावायच्या आधी खाली नानांना विचारत जा हं. वरखाली एकच लाइन आहे. तुझा ओव्हन आणि त्यांचं ऑक्सिजनचं मशीन एकदम चाललं, की फ्यूज उडायचा.”

मयूरीताई दिवाळीत बजावून गेली होती. नाना म्हणजे घरमालक विष्णुपंत, तिचे वडील. त्यांची फुप्फुसं थकलेली. मशीन बसवून, नाकाला नळी कशी लावायची ते शिकवून ती सांगलीला परतली. क्षमानं मान डोलावली आणि पहिल्याच केकच्या वेळी विसरली. लेक सई रडत होती, हात पिठानं बरबटले होते. फ्यूज काही उडाला नाही. पुढच्या वेळीही नाही. “मयूरीताईंचं आपलं काहीतरीच,” ती नवऱ्याला, देवदत्तला म्हणाली. “लांब राहतात ना, मग काळजी अशी बाहेर पडते.”

एरवी शाहूपुरीतल्या त्या वरच्या दोन खोल्यांत ती सगळ्यालाच घाबरायची. सईच्या शिंकेला, खिडकीच्या गजांना, जिन्याच्या शेवटच्या पायरीला. झोपलेल्या लेकीच्या छातीला कान लावून श्वास ऐकायची. आणि ही लेक फळ म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. म्हणून क्षमा फळं लपवायला शिकली. केळं केकात, चिकू मफिनमध्ये. आज पीचची पाळी होती. देवदत्तनं लोणंदहून येताना हौसेनं पेटीच आणलेली, आणि पीच मऊ पडायला लागले होते.

तिनं रिकामा ट्रे खडखडवत बाहेर ओढला आणि ओव्हन तापायला लावला. पीच उकळत्या पाण्यात बुडवून काढले, तशी साल मोज्यासारखी निघाली. फोडींवर साखर, लिंबू, चिमूटभर दालचिनी. वर मैदा, लोणी आणि ताकाचं सैलसर पीठ, भज्यांसारखं चमच्यानं सोडलेलं. कॉब्लर म्हणजे एवढंच. भाजताना खालचा रस उकळून वर येतो आणि फळ कुठे संपलं ते कळत नाही.

बेक करायला घेतलं की घर कसं शांत व्हायचं. दिवसभर कानामागे काहीतरी घरघरत असल्यासारखं वाटायचं, ते थांबायचं. क्षमाला तो बेकिंगचाच गुण वाटे.

पीच फार रसाळ निघाले. मधलं पीठ कच्चं राहिलं होतं. सईच्या पोटाला बाधायला नको, म्हणून तिनं अजून थोडा वेळ ठेवलं. मग अजून थोडा.

“आई, हे काय आहे?”

“केक.”

“मग ओला का?”

“आंघोळ करून आलाय. खा.”

सईनं वाटी चाटून पुसून पुढे केली. क्षमाला भरून आलं. पेटीत अजून पीच होतेच. ओव्हन गरम आहे तोवर तिनं लगेच दुसरा घाणा लावला. सईला कडेवर घेतलं, एका वाटीत गरम कॉब्लर घातलं आणि नानांना द्यायला खाली उतरली.

नाना पलंगाच्या कडेला बसले होते. तळवे गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. ओठ जांभळे पडले होते. नळी गळ्यात लोंबत होती. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि कोपऱ्यातलं मशीन बंद होतं.

“नाना, अहो, लाइट तर आहे.” तिनं सईला खाली ठेवलं आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला.

नानांनी तिचं मनगट धरलं. “झालं का... तुझं?” एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता. “आज... वेळ लागला.”

“माझं? माझं काय?”

“ओव्हन. वर ट्रे वाजला... की मी हे बंद करतो. मयूरी... मलाही सांगून गेलीय.”

क्षमा जिना कशी चढली ते तिला आठवत नाही. पीठ कच्चंच होतं. तिनं ओव्हन बंद केला, तशीच धावत खाली आली, मशीनचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. तिला तो आवाज ओळखीचा होता. तिनं नळी नानांच्या नाकाला लावली. डॉक्टरांना फोन केला. केळ्याचा केक. चिकूचे मफिन. सईच्या वाढदिवसाचा केक दोनदा फसला होता, म्हणून एकाच दुपारी तिनं तो तिसऱ्यांदा केला होता. त्या संध्याकाळी नाना सईला आशीर्वाद द्यायला वर आले होते. दर पायरीला थांबत. तिला वाटलं होतं, वय झालं.

“मला सांगायचं नाही का, नाना?”

“सांगितलं असतं तर तू... करायचं सोडलं असतंस.” नळीतून दोन श्वास घेऊन ते सईकडे वळले. सई त्यांच्यासाठी आणलेल्या वाटीत बोट बुडवत होती. “पोर खाते ना गं.”

डॉक्टर येऊन गेले, तरी ती उठली नाही. ओठांचा रंग परत येईपर्यंत बघत बसली.

तुमच्या घरी सगळं सुरळीत चाललं असेल, खालून कुणाची काही तक्रार येत नसेल, तर क्षमाचं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. हे वाचून झालं की खाली जाऊन या. जिन्यातून नुसती हाक मारून परत फिरू नका. आत जा. ओठांचा रंग बघा.