वालाचं कालवण

डॉक्टरांनी एक्स-रेची ओली फिल्म दिव्याच्या काचेवर लावली आणि वाकून पाहू लागले. कोंडाजीला फिल्ममधलं काही कळत नव्हतं. डॉक्टरांची मान कळत होती. ती हलत नव्हती.

“ही सावली बघा. एक तर आतडं नीट साफ झालेलं नाही, खाल्लेलं अडकून राहिलंय. नाही तर गाठ आहे. गाठ असेल तर मुंबईला चिठ्ठी देतो. उद्याच जा.”

शेजारच्या महिपतीला अशीच चिठ्ठी मिळाली होती. मुंबईहून त्याचे नुसते कपडे परत आले.

“सांगितल्याप्रमाणे पोट साफ केलं होतं ना?”

केलं होतं. परवापासून भाताची पेज, तीही गाळून. वर नाक दाबून एरंडेल. टमरेल घेऊन बांधाकडे इतक्या फेऱ्या झाल्या, की कुत्र्यानंही सोबत येणं सोडलं. आज लोणावळ्याला पोचल्यावर नर्सबाईंनी एनिमा दिला. आता त्या आतड्यात पाहुणे उतरवता आले असते.

“व्हय सायेब,” कोंडाजी म्हणाला, “येक शीतसुदिक पोटात—”

“खोटं बोलत्यात!” शालूबाई, त्याची बायको, ताडकन उठली. इतका वेळ ती तोंडाला पदर लावून बसली होती. “म्या चारलं सायेब. काल सांजच्याला. भाकर आन् वालाचं कालवण. घरधन्याला उपाशी निजवत्यात व्हय?”

“अहो बाई, तुम्हाला बजावलं होतं ना?”

“व्हय.”

“सगळी मेहनत पाण्यात! अक्कल आहे की नाही?”

“न्हाई सायेब.”

डॉक्टर ओरडत गेले, तसतसा तिचा चेहरा उजळत गेला. चिठ्ठीसाठी काढलेला कागद त्यांनी पुन्हा खणात टाकला. “पुढच्या महिन्यात या. आणि तेव्हा तरी यांना खरोखर उपाशी ठेवा.” दिवा मालवला. सावली गेली.

बाहेर व्हरांड्यात कोंडाजी भिंतीला धरून उभा राहिला.

“शालू, म्या तर कायबी—”

“खाल्लंय तुमी.”

तिच्या डोळ्यांकडे बघून त्यानं पुढचं गिळलं. आणि हळूच विचारलं, “किती?”

“दोन भाकरी. कालवण मागून घेतलंत.”

कोंडाजीनं पोटावरून हात फिरवला. मग ढेकर देऊन पाहिला.

आला नाही.