टोइवोचा रेनकोट

अस्टोरियात पाऊस एकदा लागला की महिनाभर हलत नाही. आइलाचा नवरा टोइवो गेल्यापासून ती त्याचाच पिवळा रेनकोट चढवून परसातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. कोंबड्या टोइवोच्या कोटाशिवाय कुणाला ओळखत नाहीत, बोलावलं तरी येणार नाहीत, भिजून मरतील, असं ती सगळ्यांना सांगायची. शनिवारी थोरली बहीण लेम्पी आली ती तिच्यासाठी नवा कोट घेऊनच.

“अगं, घोट्यापर्यंत येतो त्याचा कोट तुला! शेजारीपाजारी हसतात,” असं म्हणत लेम्पी स्वतःच्या गुलाबी कोटात दाण्यांचा डबा घेऊन परसात गेली आणि पाच मिनिटांत परतली.

“अकराच्या अकरा धावत आल्या! मेल्यांना टोइवोची आठवणसुद्धा नाही. आता हा कोट मी देऊन टाकते कुणाला तरी.”

“त्यांना पहिल्याच आठवड्यात माझी सवय झाली,” पिवळ्या कोटाची बटणं लावत आइला म्हणाली. “त्यांच्यासाठी नाही घालत गं, ताई. परसातून परत फिरले की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेत तो घरी येताना दिसतो. तू फक्त आतला दिवा लावू नकोस.”