एका दाराला दोन नंबर

चाळीस?

उत्तर नाही.

चाळीस?

उत्तर नाही.

"आत्ता तर होतीस!" लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि समोरच्या फळीवरच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला दरडावत होती. घरात त्याला डबी म्हणत. "माझ्या डोळ्यांदेखत चाळीसवर होतीस. गेलीस कुठे?"

"ओरडू नका हो ताई, घाबरेल बिचारी," वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाली. "तुमच्या भावाच्या वळणावर गेलीय. घरी आहे म्हणेपर्यंत बाहेर."

भाऊ कामासाठी परगावी होता. आतल्या खोलीत आई होती. आजारात तिचा आवाज गेला, उजवी बाजू गेली. राहिलेल्या डाव्या हाताखाली एक बटण. वहिनीने त्याला मऊ कापडाची खोळ शिवली होती. बटण दाबलं की वायफायवरून डबीला निरोप जायचा आणि डबीने घंटा वाजवायची. निरोप पोचायचा तर डबीचा पत्ता पक्का हवा, एकच नंबर, कायमचा. आणि डबी तर एका नंबरावर टिकायला तयार नव्हती.

मागच्या आठवड्यात आईने बटण दाबलं. दाबत राहिली. इकडे काहीच वाजलं नाही. वहिनी आपणहून आत गेली तेव्हा चादर ओली होती आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

तेव्हापासून वहिनी पलंगाशेजारी जमिनीवर झोपत होती. झोपत होती म्हणजे, पडत होती. लेक आज सकाळी आली ती एवढ्याचसाठी, आणि तिची परतीची गाडी संध्याकाळची होती.

पासवर्ड बरोबर. सिग्नल चांगला. लेकीने डबी बंद करून पुन्हा चालू केली.

चाळीस?

आहे.

चाळीस?

आहे.

चाळीस?

उत्तर नाही.

"बाई गं!" लेकीने मग डबीलाच विचारलं, तुझा सध्याचा पत्ता सांग. डबीने सांगितला. पन्नास.

"पन्नास कुठून आला? राउटरने दिला असता तर शंभराच्या पुढचा दिला असता. हा कुणीतरी हाताने लिहिलाय."

मागचा नळ बंद झाला.

"पन्नास माझा," वहिनी म्हणाली.

लेकीने मान वळवली.

"चादर ओली झाली ना, त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही मीटिंगमध्ये. मग नेटवर वाचलं, राउटर आपल्या मनाने नंबर बदलतो, म्हणून मीच पक्का लिहिला. बटणालाही सांगितला. चालत होतं हो एक दिवस! मग पुन्हा बंद पडलं. मला वाटलं, मीच काहीतरी घोळ करून ठेवला. म्हणून बोलले नाही."

लेकीने लॅपटॉपवरचे हात काढले.

"दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरून चाळीस लिहिला," ती म्हणाली. "डबीत आणि बटणातही. तुला न विचारता."

डबीत पत्ता लावणारे दोन कारभारी होते, म्हणजे दोन प्रोग्रॅम. एकाला लेकीने सांगून ठेवलं होतं, दुसऱ्याला वहिनीने. एक चाळीसची पाटी लावून वळला की दुसरा ती उतरवून पन्नासची लावायचा. दोघेही आपापल्या जागी इमानदार. आई बिचारी चाळीसचं दार ठोठावत होती.

"माझं काढून टाका," वहिनी ओले हात पुसत म्हणाली. "तुमचं शिकून केलेलं आहे."

लेकीने वहिनीच्या ओळी उघडल्या. पुन्हा वाचल्या. नाव ठेवायला जागा नव्हती.

"पन्नासच का गं?"

"जरा लांबचा वाटला. कुणाच्या वाटेत नको."

लेकीने आपल्या ओळी पुसल्या. आपल्या कारभाऱ्यालाही कायमची सुट्टी दिली.

"अहो वन्सं! हे काय?" वहिनी तिला वन्सं म्हणायची ती फक्त चेष्टेने, नाहीतर घाबरली की.

"पुन्हा बिघडलं तर उठून बघणार कोण? तू. मग तुझंच राहू दे. बैस खाली. टिकतोय का बघू."

बटणालाही पन्नास सांगून झालं. वहिनी बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पन्नास?

आहे.

पन्नास?

आहे.

पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. आहे, आहे, आहे. एकही चुकली नाही. लेकीने राउटर बंद करून चालू केला, डबीची वायर काढून पुन्हा लावली. आहे.

"टिकला गं! चल, आता आईला दाबायला सांगू. घंटा वाजली की..."

वहिनी डबीच्या फळीखालीच, टेबलावर डोकं टेकून झोपली होती. हातातलं फडकं तसंच मुठीत.

लेक एकटीच आत गेली. आई जागी होती. लेकीने खोळीतलं बटण तिच्या बोटांखाली नीट सरकवलं.

"झालं, आई. दाब आता."

उशीवरून उघड्या दारातून टेबल दिसत होतं. टेबलावरचा अंबाडा दिसत होता, अर्धा सुटलेला. आई तिकडे बघत राहिली.

"दाब ना. एकदाच. वाजते की नाही ते कळू दे मला, मग मी निघते. आई, अगं..."

आईने बटणावरची बोटं एकेक करून उचलली. तो हात सावकाश वर आला आणि लेकीच्या ओठांवर येऊन थांबला.