भंडाऱ्याचा दगड

मुडबीच्या माळावर अजून धूर निघत होता. म्हाळसाबाईनं काठीनं राख बाजूला सारली, चपट्या दगडाखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. चटका बसला नव्हता. डबा हाताला लागला नव्हता.

दगड उलथून पाहिला. निळं प्लास्टिक वितळून मातीला चिकटलं होतं. झाकण कुठलं, बूड कुठलं, काही कळत नव्हतं. कुणीतरी आत ठेवलेली किल्लीची साखळी तेवढी ओळखू येत होती.

तिचा धाकटा दीर रामराव चार हात लांब उभा होता. देवापाशी चपला कशा घालायच्या, म्हणून त्यानं त्या मागंच काढल्या होत्या. आणि राख गरम, म्हणून तो ह्या पायावरून त्या पायावर होत होता.

"हितनंच कामून पेटवलाव?" ती म्हणाली.

"मग कुठून पेटवू? कुसळ जाळायचं तर आधी देवापाशी दिवा लावायचा, त्या दिव्यावरनं गवत पेटवायचं. आजा तसंच करायचा, अण्णा तसंच करायचा."

"हितं देव कवा होता?"

"आता घ्या! दर ऐतवारी भंडारा तुमीच लावायलाव की, वैनी."

भंडारा तीच लावत होती. मल्लेश अमेरिकेला परत जाताना डबा दगडाखाली ठेवून गेला, तेव्हा म्हणाला होता, "कुणी हात लावू नये बघ, माय." तिकडं मोठी माणसं म्हणे लपंडाव खेळतात, डब्याशी. डबा लपवायचा, जागा कॉम्प्युटरवर सांगायची. ज्याला घावेल त्यानं आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा. पण माळावर मेंढरं येतात, मेंढरांमागं माणसं येतात आणि माणसं बसल्याजागी दगड उलथतात. पिवळा दगड मात्र कुणी उलथत नाही. एवढी अक्कल तिनं आपली आपण चालवली होती.

मग हैदराबादेहून, गुलबर्ग्याहून पँटवाली माणसं यायला लागली. हातातल्या यंत्रात बघत माळ चढायची, दगडापुढं गुडघे टेकायची आणि हसत हसत उतरायची. गावानं हे लांबून बघितलं. कुणी म्हणालं मैलार, कुणी म्हणालं बिरोबा. बसव्वानं सुनेसाठी नारळ फोडला, आणि सुनेला दिवसही गेले. त्यानंतर म्हाळसाबाईनं तोंड उघडायचं कसं?

"डबा होता त्यो," ती आता म्हणाली. "प्लास्टिकचा. मल्लेशचा खेळ."

रामरावाचे पाय थांबले. "देव न्हाई?"

"न्हाई."

तो मागं गेला, चपला घालून आला. "तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऱ्हाऊ दिला असताव?"

तेवढ्यात तिच्या कमरेच्या चंचीत फोन वाजला. घरात रेंज नसायची, माळावर असायची. फोन कुणाचा हे बघायची तिला गरज नव्हती. माळावर कुणी येऊन गेलं की मल्लेशला तिकडं कळायचं आणि त्याच दिवशी फोन यायचा. कोन आलतं गं, माय? कसं होतं? 'खाली पत्र्याचं घर आहे, तिथं माझी आई पाणी देईल,' असं त्यानंच कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं होतं. मग ती सांगत बसायची. एक लंगडा होता, तरी चढला. एकीनं भाकरी मागून खाल्ली. सांगता सांगता तो जेवला का, हेही विचारून व्हायचं. एरवी त्याला वेळ नसायचा.

"माय, एकानं लिव्हलंय, सगळा माळ काळा झालाय म्हून. धुरामुळं वर चढता आलं न्हाई म्हनतो. डबा हाय का?"

"जळाला रे. काकानं कुसळ पेटवलं." तिनं रामरावाकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. "तूच म्हनलास न्हवं, डबा मोडला तर ज्याचा त्यानंच बघायचा असतो. नेम हाय म्हनलास."

"व्हय, हाय की."

"तर मग ये की. तुझ्या शाळेचा डबा हाय घरात. स्टीलचा. त्यो जळत न्हाई. घासून ठेवते."

पलीकडं कुणीतरी इंग्रजीत काही विचारलं. मल्लेशनं इंग्रजीतच उत्तर दिलं. म्हाळसाबाई फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिली.

"त्याला यायला कशाला पायजे, माय? हितनंच बंद करता येतंय. बटन दाबलं की झालं." पलीकडं बटणांची टकटक ऐकू आली. "हां. केलो बघ."

"काय केलास?"

"बंद. आता कुनी येनार न्हाई. तुला बी तरास न्हाई पानी द्यायचा."

"मला कुठं तरास होता?"

"बरं, ठेवतो. काय असलं की करतो फोन."

तिनं फोन चंचीत टाकला. त्याच चंचीतून भंडाऱ्याची पुडी काढली. दगड उचलून होता तसा ठेवला, पदरानं त्याच्यावरची काजळी पुसली आणि बोटं भरून भंडारा लावायला लागली.

"आता कामून लावायलाव, वैनी?" रामराव म्हणाला. "आत काय बी न्हाई की."

"दुसऱ्या देवांच्या आत काय असतंय, रामराव?"

रामरावानं दगडाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. आणि चपला काढल्या.

राख एव्हाना निवली होती.