पटाशीची खाच

दुबईच्या खाडीवर वीस वर्षं मी सागवानी होड्या बांधल्या. अडुसष्ट साली माझ्याच गावचा गनी काचेचं कापड आणि रेझिनचे डबे घेऊन आला. माझ्या होडीवरून तो साचा काढणार, आणि त्या साच्यातून आठवड्याला एक फायबरची होडी! मला एकीला चार महिने लागायचे. अरब मालक त्याला उस्ताद म्हणाला. मला म्हणाला, "यल्ला, चल मिस्त्री, साच्यासाठी होडी घासून चकचकीत कर." घासताना जीव नुसता जळत होता. पटाशी उचलली आणि होडीच्या तोंडाशीच बोटभर खाच मारली. साच्यात ओरखडासुद्धा उतरतो. निघू दे त्याची प्रत्येक होडी डागी! पंधरवड्याने पहिली होडी साच्यातून सुटली. गनीने माझं बोट धरून त्या खाचेवर ठेवलं. "चाचा, साचा काढण्याआधी ही मी मेणाने बुजवणार होतो. मग वाटलं, तुमची निशाणी असेल. आता ती प्रत्येक होडीवर उमटणार."