लाल यायची वाट

पडद्यावर पुन्हा हिरवंच आलं. जमनीनं सुनेच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"आलं का वो?" भाजीत मीठ पडलं का विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं.

"हिरवंच," बबिता म्हणाली आणि तोंड पाडून बसली.

सोंग करते, जमनी मनात म्हणाली. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, हे बबितानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पुण्याच्या कंपनीत एक मशीन होतं. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम ते आपणच जोडायचं, आपणच तपासायचं आणि निकाल रंगात दाखवायचं. त्या मशीनवरचं काही काम बबिताला घरबसल्या दिलं होतं, परीक्षा म्हणून. जमलं की नोकरी पक्की, मग पुण्याला ऑफिसात बसायचं. जमनीचा पोरगा बादल तिथं कंपनीची बस चालवत होताच. नवरा-बायकोचा संसार एका जागी लागला असता. नाही जमलं तर बबिता इथंच, तांड्यात. त्यापुढचं जमनीनं विचारलं नव्हतं. दुसरीतून शाळा सोडलेल्या सासूनं शिकलेल्या सुनेपुढं प्रश्न घेऊन उभं राहावं, हे तिच्या रक्तात नव्हतं.

आता हिरवं येऊनही पोरगी तोंड पाडते, ती सासूला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे कीव. जमनीला विंचू चालला असता, कीव नाही.

"मशीनपुढं उपाशी बसून ते पिकणार हाय का? भाकर खाय," ती खेकसली.

दिवाळी झाली तसा सारा तांडा ऊसतोडीला निघून गेला होता. दारांना कड्या. मागं उरली ती ठार बहिरी मानीबाई, आणि तिच्याशी भांडायचं तर आपलाच घसा बसतो. बोरी अरबच्या बाजारात गेलं तर तोंडातून चार शब्द निघायचे, तेही भाव करण्यापुरते. बाकी दिवसभर बबिता. चहा पांचट झाला, बबिता. सरपण ओलं निघालं, बबिता. ही गेली तर बोलायचं कोणाला, चुलीला?

पण 'जाऊ नको' हे जमनीच्या तोंडून निघालं नाही. विषय निघाला की ती उलटंच म्हणायची, "जाय वो बाई. मी काय लहान लेकरू आहो?"

दुपारी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आतून बबिताचा आवाज आला.

"लाल आलं."

मांडीवरच्या शेंगा सांडल्या तरी जमनीनं पाहिलं नाही. ती आत गेली. पडद्यावर खरंच लाल पट्टी होती, कुंकवासारखी. बबितानं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. खांदे हलत होते.

"रडू नको," जमनी म्हणाली. "नापास झाल्यानं कोणी मरत नाही. मी तं पहिलीतच दोनदा झाली."

आणि पोरीनं मान वर करायच्या आत ती चुलीपाशी निघून गेली, कारण आपल्या तोंडाचा तिला भरवसा नव्हता. तिनं चूल पेटवली. दलिया तुपात परतला, गूळ फोडून टाकला. कित्येक दिवसांनी तिच्या गळ्यातून गाणं निघालं, बसकं, अर्धंमुर्धं. लापशी झाल्यावर तिनं सेवाभायाच्या तसबिरीपुढं निखारे ठेवले, त्यावर तूप सोडलं, भोग लावला आणि हात जोडले.

बबिता दारात आली. डोळे ओले, पण तोंडभर हसू. हातात फोन.

"याडी," तिनं सासूला आईची हाक मारली, "झालं. पुण्याहून फोन आलता. एक तारखेले या म्हणते."

"नापास केलं अन् वरून बलावते?"

"नापास कायची? लालच पाहिजे होतं. प्रोग्रामात मी मुद्दाम खोट घातलती. मशीन ती पकडते का नाही, हेच तं पाहाचं होतं. इतके दिवस बेटं खोट गिळून हिरवंच दाखवून राह्यलं होतं. त्याचं कुठं चुकते ते आज सापडलं, नीट केलं, तवा लाल आलं."

जमनीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. इतक्या दिवसांची ती पाडलेली तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. सोंग नव्हतं ते.

बबितानं पातेल्यात डोकावलं. "लापशी कायची?"

"नवसाची."

बबिताचे डोळे पुन्हा भरले. ती पाया पडायला वाकली. "मायासाठी नवस बोलल्या तुमी?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. जमनीनं पाय मागं घेतले.

"लालचा बोलली होती. तू नापास व्हावी, इथंच राहावी म्हून. त्यानं लाल देल्लं. आता त्याच्याशी भांडता बी येत नाही."

बबिता तशीच वाकलेली राहिली. मग खाली बसली.

"मले म्हणाचं होतं," ती म्हणाली. "राहाय म्हून एक शब्द बोलल्या असत्या तं..."

जमनीनं ताटलीत लापशी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि ताटली तिच्यापुढं सरकवली.

"तं तू राह्यली असती," ती म्हणाली. "म्हून तं देवाले म्हटलं."