गाभडलेली शेळी

"शेळी कुणाकडनं घेतली, तेवढं सांगा चाचा," अंकितानं तिसऱ्यांदा विचारलं.

बादशहा मुलाणी दावणीकडं बघत राहिले. "इस्लामपूरच्या बाजारात घेतली. बाजारात कोन कुनाचं नाव इचारत बसतंय, डॉक्टरीणबाई?"

म्हसवडच्या जनावरांच्या दवाखान्यात अंकिताला वर्ष झालं होतं. चाचा खोटं बोलणारे नव्हेत, हे तिला ठाऊक होतं. आज मात्र ते नजरेला नजर देत नव्हते.

कोपऱ्यात काळी शेळी एकटीच बांधली होती. विकत आणल्यावर तीन आठवड्यांत ती गाभडली. पडलेलं पिल्लू आणि वार चाचांच्या सुनेनं, समीनानं, उघड्या हातांनी उचलून पुरली. पुढं पंधरा-वीस दिवसांत समीनाला तापानं धरलं. दुपारी चढायचा, पहाटे अंथरूण घामानं भिजवून उतरायचा. सांधे ठणकायचे. मलेरिया, टायफॉइड, सगळं तपासून झालं, काही सापडेना. आणि गेल्या सोमवारी पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी समीनाचं रक्त तपासायला पाठवलं. अंकितानं शेळीचं पाठवलं. दोन्हींचं उत्तर एकच आलं. ब्रुसेला.

"शेळीचा रोग मानसाला व्हतो?" नूरजहांचाचींनी पदर तोंडाला लावला.

"होतो चाची. गाभडलेल्या जनावराला उघडा हात लावला, कच्चं दूध प्यालं, की होतो. समीना बरी होईल. सहा आठवडे गोळ्या चुकवायच्या नाहीत." मग ती चाचांकडं वळली. "आणायच्या आधी मला एक फोन तरी करायचा. रक्त तपासून दिलं असतं."

"भरवसा वाटला," चाचा हळू म्हणाले. "घरात शिकलेलं मानूस हाय म्हनला त्यो."

"कोण तो?"

चाचा दाढीवरनं हात फिरवायला लागले.

"चाचा, जिथनं ही शेळी आली, तिथं रोग अजून आहे. ती माणसं रोज धारा काढत असतील, दूध पीत असतील. त्या घरात एखादी पोटुशी बाई असली तर? एकेक दिवस जातोय."

चाचांचा दाढीवरचा हात थांबला. "म्या सांगावा धाडतो. उद्याच धाडतो. तुमी न्हका पडू त्यात."

"म्हणजे तुम्ही ओळखता त्याला!"

तेवढ्यात भिंतीला धरत समीना बाहेर आली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "आब्बा, माझं लेकरू गेलं," ती म्हणाली. "आन् तुमी त्याचं नाव झाकताय?"

चाचांनी डोळे मिटून घेतले.

समीनाचा नवरा नईम इतका वेळ उंबऱ्यावर बसून होता. तो उठला. "नाव मला ठावं न्हाई, डॉक्टरीणबाई. खरेदीला म्या नव्हतो. पन शेळी गाभडली तवा आब्बांच्या फोनमधला नंबर काढून म्या त्याला लावला व्हता. म्हातारा हाय कुनीतरी. काय म्हनला ठावं हाय? 'माझ्या बी दोन आधीच गाभडल्या व्हत्या, म्या गेलो का कुनाच्या दारात रडत?' आन् कट केला. तवापास्नं माझा फोन उचलत न्हाई."

अंकिता नईमकडं वळली. "म्हणजे दोन गाभडल्यावर, ठाऊक असून तिसरी विकली?"

"व्हय."

"असल्या माणसाला मी सोडणार नाही. म्हातारा असू दे नाही तर कुणी. चारचौघांत जाब विचारीन." तिनं आपला मोबाईल उघडून नईमपुढं धरला. "हे घ्या. यावरनं लावा. अनोळखी नंबर बघून उचलेल."

चाचा धडपडत बाजेवरून उठले. "नगं, बाई. माझं ऐक. लेकीवानी हायस तू मला. म्या स्वतः जातो त्याच्याकडं, आज जातो. तू नगं लावू."

"का चाचा? त्याला एवढं का जपताय?"

चाचांनी मोबाईल घ्यायला हात पुढं केला.

नईमनं बापाच्या फोनमधला नंबर बघून एकेक आकडा दाबला, आवाज मोठा केला आणि मोबाईल बाजेवर मधोमध ठेवला. ठेवता ठेवता त्याची नजर पडद्यावर उमटलेल्या नावावर गेली आणि तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं मान वर करून अंकिताकडं पाहिलं. चाचांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या घंटीलाच पलीकडनं म्हातारा, खुशीतला आवाज आला.

"बोल अंकू! आबाची याद आली व्हय आज? अगं, वहिनीला सातवा लागला. डोहाळजेवनाला येतीस न्हवं?"